तोंड साताऱ्याकडे

मुक्कामाची एसटी रात्री गावात शिरते, माणसं उतरतात, कंडक्टर मास्तर हिशोब जुळवत बसतात आणि गावाच्या लेखी गाडी आलेली असते. ड्रायव्हरच्या लेखी अजून यायची असते. तोंड फिरवून, साताऱ्याकडे बघत उभी राहिली की ती आली.

रात्रीच वळवून ठेवायची, कारण पहाटे साडेपाचला कासच्या पलीकडे किंवा ठोसेघरच्या वर धुकं असं बसलेलं असतं की देवळाचा कळस दिसतो आणि पायरी दिसत नाही. त्यात इंजिन थंड, आत कॉलेजची पोरं, दाराशी साताऱ्यातल्या पोरांसाठी डबे द्यायला आलेल्यांची गर्दी. अशा वेळी दहा-अकरा मीटरची गाडी मागे घेणं म्हणजे कुणाचा तरी ओटा गेलाच. रात्री निदान बॅटरी घेऊन दोन पोरं हजर असतात. मास्तरांनी गाडीच्या बरोबर मागे उभं राहायचं नाही. उजव्या कोपऱ्याला, ड्रायव्हरच्या आरशात दिसतील असं थांबायचं. आरशातून मास्तर गेले की गाडी थांबली पाहिजे. बाकी "येऊ द्या, येऊ द्या" सगळं गावच म्हणत असतं, त्याचा उपयोग नाही. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. घंटीचा कायदा इथेही तोच.

ओट्याला धक्का लागतो तो बहुतेक वेळा मागे जाताना लागतच नाही. तेव्हा सगळ्यांचं लक्ष मागेच असतं. लागतो पुढे निघताना. स्टेअरिंग पूर्ण कापून गाडी पुढे घेतली की मागच्या चाकांच्या पाठीमागची शेपूट उलट्या बाजूला बाहेर फिरते, आणि ड्रायव्हर त्या वेळी पुढचं गटार बघत असतो.

जागा सपाट हवी. वर वाळकी फांदी नको, लोंबणारी वायर नको. पावसाळ्यात हिरवळ कितीही ऐसपैस दिसली तरी तिच्यावर जायचं नाही. मागची जोडचाकं रात्रभरात रुततात आणि सकाळी रेस दिली की आणखी खोल जातात. मुरूम किंवा डांबर असेल तिथेच उभं राहायचं. उतार असेलच तर गिअर उलटा टाकायचा: तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स, चढाकडे असेल तर पहिला. शिवाय चाकाला दगड. हा दगड सकाळी काढून रस्त्यात सोडणाऱ्याला खरं तर दंड हवा, कारण मागून दूधवाला मोटरसायकलवर येतो.

इंजिन लगेच बंद करायचं नाही. टर्बो असलेल्या गाडीला घाट चढून आल्यावर मिनीट-दोन मिनिटं हळू चालू ठेवावं लागतं. तेल फिरत राहून टर्बो थंड व्हावा म्हणून. मग ब्रेकच्या हवेच्या टाकीखालची कडी ओढून पाणी काढायचं. दाबलेल्या हवेतून पाणी साचतंच, आणि या पट्ट्यातल्या पावसाळ्यात जरा जास्तच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, तिथली हवा कोरडी कुठून असणार? हे पाणी व्हॉल्व्हपर्यंत गेलं की ब्रेक रुसतो.

जुने ड्रायव्हर गाडी मुद्दाम उतारावर लावत. बॅटरी बसली तर दगड काढायचा, गाडी सोडायची, क्लच सोडला की इंजिन घुरघुरायला लागे. आताच्या गाड्यांना ही युक्ती रात्रभर हवा टिकली तरच चालते. त्यांचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगचा. हवा असेल तरच सुटतो. रात्रीतून हवा गळाली की गाडी जागची हलत नाही. जुन्या गाडीची हवा गेली तर पायातला ब्रेक जायचा, नवीचा लागून बसतो. सकाळी कॉलेजला उशीर झालेल्या पोरांना यातला फरक पटवणं अवघड आहे.

म्हणून पहाटे आधी हवेच्या दाबाचे काटे बघायचे. इंजिन चालू करून, रेस न देता, दोन्ही काटे सात-आठावर येऊ द्यायचे. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायचा आणि कान द्यायचा. फुस्स ऐकू आलं किंवा काटा उतरत राहिला तर कुठेतरी गळती आहे. टायर पान्याने ठोकून बघायचे. मागच्या जोडीतला आतला बसला तर डोळ्याला कळत नाही, बाहेरचा त्याला उचलून धरतो. ठोकल्यावर मात्र भरलेला टणकन बोलतो आणि बसलेला ढब्ब.

मग दोन घंट्या. गावातच पाच-दहा पावलांवर एकदा ब्रेक मारून बघायचा, घाटात नव्हे. धुक्यात मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, त्यामुळे डिप्परवरच जायचं. डाव्या साइडपट्टीवर चाक घालायचं नाही, पावसाने ती आतून पोकळ झालेली असते.

यवतेश्वरचा घाट उतरायचा तो खालच्या गिअरमध्ये, आणि तो गिअर उतार लागायच्या आधी. वेग वाढल्यावर खालचा गिअर बसत नाही, वरचा निघालेला असतो, आणि गाडी न्यूट्रलमध्ये पळते. ब्रेकवर पाय ठेवून बसलं तर लायनर तापतात, करपल्याचा वास येतो आणि नेमका हवा तेव्हा ब्रेक धरत नाही. सारखा पंप मारला तर हवा संपते. काटे साडेचार-पाचाच्या खाली आले की बझर ओरडतो. एकदा नीट दाबून वेग उतरवायचा, पूर्ण सोडायचा, पुढचं इंजिनाला धरू द्यायचं. खालून चढणाऱ्याला वाट द्यायची. सप्टेंबरात कासची फुलं बघायला निघालेला गाडीवाला चढावर थांबला तर परत उचलताना मागे घरंगळतो, हे त्याला माहीत नसतं, एसटीवाल्याला असतं.

स्टँडवर लागली की डबे घ्यायला पोरं उभीच असतात. गावाहून आईने दिलेली भाकरी तोवर कोमट राहिलेली असते. पाटी बदलते. ड्रायव्हर आगारात बिघाड लिहायला जातो. तिथे "घाटात तिसऱ्या ब्रेकनंतर गाडी डावीकडे ओढते" असं सविस्तर लिहावं. नुसतं "ब्रेक बघणे" लिहिलं तर ब्रेक बघितला जातो.