चार क्रमांकाच्या माशाची डावी बाजू

मागच्या नोंदीत माझ्या टाकीतला चार क्रमांकाचा मासा खरा जुली या प्रजातीचा असल्याचे मी जवळजवळ ठामपणे लिहिले होते. ते विधान आज मागे घेत आहे. जुली या नावाने आलेल्या नऊ कोरींपैकी (कोरी म्हणजे टाकीच्या तळाशी वावरणारे छोटे मिशाळ मासे) आठ ट्रायलिनिएटस या जुलीसारख्याच दिसणाऱ्या प्रजातीचे आहेत, याबद्दल दुसऱ्या नोंदीपासूनच शंका नव्हती. त्यांच्या डोक्यावरची नक्षी जाळीदार आहे, रेघा एकमेकींत वळत जातात आणि सुटा ठिपका शोधूनच काढावा लागतो. चार क्रमांकाच्या डोक्यावर मात्र स्वच्छ, वेगवेगळे ठिपके होते, आणि डोळ्यापासून कल्ल्याच्या झाकणापर्यंत मी ते 23 मोजले होते. या 23 ठिपक्यांच्या भरवशावर मी गेले तीन महिने त्याच्यासाठी वेगळी टाकी तयार करत होते.

रविवारी सगळ्या माशांची मासिक छायाचित्रे घेताना काचेच्या अरुंद पेटीचा काळा पुठ्ठा नेहमीच्या उजव्या टोकाऐवजी डाव्या टोकाला लागला. पेटीतला मासा अंधाऱ्या टोकाकडे तोंड करून स्थिरावतो, म्हणून पुठ्ठा लावण्याची ही पद्धत मी पहिल्या नोंदीत सुचवली होती. त्या पद्धतीमुळे माझ्याकडच्या प्रत्येक छायाचित्रात माशाची उजवीच बाजू आलेली आहे, हे या चुकीमुळे प्रथमच लक्षात आले. चार क्रमांकाची डावी बाजू पाहिली आणि हातातले काम थांबले. त्या बाजूला डोळ्यामागचे ठिपके दोन-दोन, तीन-तीन असे जोडलेले आहेत, आणि कल्ल्याच्या झाकणावर तर इतर आठ माशांसारखी पूर्ण जाळी आहे.

प्रथम मासा बदलला असावा असे वाटले, पण त्याच्या पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला असलेली जुनी खाच जागेवर होती. मग संशय कॅमेऱ्यावर गेला, आणि तो निराधार नव्हता. भ्रमणध्वनीतील कॅमेरा चित्र साठवताना आपणहून कडा गुळगुळीत करतो, आणि जवळजवळचे दोन बारीक ठिपके त्यात एका रेघेसारखे दिसू शकतात. नक्षीवरून प्रजाती ठरवायची असेल, तर प्रक्रिया न केलेल्या स्वरूपातच चित्रे साठवावीत, हे माझे मत आता पक्के झाले आहे. त्या स्वरूपात, वरून तिरका प्रकाश देऊन, मी दोन्ही बाजू आणि माथा पुन्हा टिपला. जोड खरेच आहेत. माथ्याच्या चित्रात तर मध्यरेषेच्या उजवीकडे सुटे ठिपके आणि डावीकडे वळत गेलेल्या रेघा एकाच चौकटीत दिसतात, आणि हे चित्र मला आतापर्यंतच्या सगळ्या चित्रांपेक्षा मोलाचे वाटते.

सुटे ठिपके म्हणजे जुली आणि जाळी म्हणजे ट्रायलिनिएटस, हा नियम नमुनेदार माशांना लागू पडतो. परंतु ट्रायलिनिएटसची नक्षी फार बदलती असते, आणि एकाच माशाच्या दोन गालांवर ती वेगळी असू शकते, हे आता माझ्या टाकीतच दिसते आहे. अंगाच्या मधून शेपटीकडे जाणारा काळा पट्टा आणि त्याच्या वरखाली असलेली मोकळी, फिकट जागा यांकडे मी आधीच लक्ष द्यायला हवे होते. चार क्रमांकाचा पट्टा इतर आठांइतकाच ठळक आहे, हे मी दुसऱ्या नोंदीत लिहिले होते आणि ठिपक्यांच्या मोहात बाजूला ठेवले होते. पाठीवरच्या पराचा काळा डाग दोन्ही प्रजातींत असतो, त्यामुळे त्याचा इथे काहीच उपयोग नाही.

भूगोलही याच बाजूने बोलतो. प्राणिशास्त्रज्ञ श्टाइंडाख्नर यांनी 1906 मध्ये वर्णिलेला जुली ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याकडच्या नद्यांतला आहे, तर प्राणिशास्त्रज्ञ कोप यांनी 1872 मध्ये वर्णिलेला ट्रायलिनिएटस पेरूकडच्या, म्हणजे पश्चिम ॲमेझॉनच्या पाण्यातला. आठ ट्रायलिनिएटसांमध्ये एकच जुली यायचा, तर तो वाटेत कुठे तरी मिसळलेला असायला हवा. असे होऊ शकते, पण त्यासाठी एका गालावरच्या ठिपक्यांपेक्षा भक्कम पुरावा लागेल. ज्या पुरवठादाराकडून हे मासे आले, त्याच्या यादीत केवळ व्यापारी नाव होते. नदीचे किंवा निदान देशाचे नाव देणारा पुरवठादार मिळाला, तर मी यापुढे त्याच्याकडेच वळेन, मग वाट पाहावी लागली तरी चालेल.

नोंदवह्यांतील नावांबद्दल एक खुलासा करते. कोरींच्या वर्गीकरणाच्या 2024 च्या पुनर्रचनेनंतर या दोन्ही प्रजाती होप्लिसोमा या वंशात (प्रजातींच्या गटात) गेल्या आहेत आणि आधीचे कोरीडोरस हे वंशनाव लांब मुस्कटाच्या गटापुरते उरले आहे. मी पेट्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या आहेत, पण बोलताना आपण सगळेच कोरी म्हणतो आणि तसेच म्हणत राहू.

याच पुनर्रचनेमुळे या महिन्यातले छोटे यश अधिक गोड झाले. स्टर्बाय या दुसऱ्या एका कोरीच्या नावाने आलेल्या सहा माशांपैकी दोघांचे मुस्कट मला लांबट वाटत होते. नव्या पेटीत पाहताच उलगडा झाला: चौघांच्या गडद डोक्यावर फिकट ठिपके आहेत, तर या दोघांच्या फिकट डोक्यावर गडद ठिपके आहेत. म्हणजे हे दोघे हाराल्डशुल्त्झी या वेगळ्या प्रजातीचे. छातीच्या पराचे नारिंगी काटे दोन्हींत असल्यामुळे घाईत पाहणारा सहज फसतो. नव्या मांडणीत स्टर्बाय होप्लिसोमात आणि हाराल्डशुल्त्झी ब्रोकिस या वंशात आहे, म्हणजे इतके सारखे दिसणारे हे मासे एका वंशातलेही नाहीत. त्या संध्याकाळी मी बराच वेळ टाकीसमोर बसून होते.

मासे पेटीत नेताना मासे पकडायची जाळी वापरू नये, हे पुन्हा लिहिते. छातीच्या पराचे काटे तिच्यात अडकतात आणि सोडवताना माशाला इजा होते. पारदर्शक पेला पाण्याखाली धरून मासा हळूच आत वळवणे हाच उपाय मला योग्य वाटतो. ॲक्रिलिकच्या पेटीवर चरे पडतात व ते चित्रात रेघांसारखे दिसतात, म्हणून पेटी काचेचीच हवी.

चार क्रमांकाला वेगळ्या टाकीत हलवण्याचा बेत अर्थातच रद्द झाला. ती टाकी रिकामीच ठेवावी असे हे लिहायला बसले तेव्हा ठरवले होते, पण आता वाटते की ती पिलांसाठी वापरावी. थंड पाणी घालून पाणी बदलल्यावर या गटात अंडी घालण्याची हालचाल दोनदा दिसली आहे. अंडी मिळाली तर प्रत्येक पिलाची दोन्ही बाजूंची चित्रे दर पंधरा दिवसांनी घेऊन ठिपके कधी आणि कसे जोडले जातात ते पाहता येईल. त्याआधी उरलेल्या आठही माशांच्या डाव्या बाजू टिपायच्या आहेत. आज दोन झाल्या, आणि सात क्रमांकाच्या डाव्या गालावर मला चार सुटे ठिपके दिसले आहेत.