सिंहगड, फिनेस्त्रे आणि डिसेंबरातलं कोकण: आमच्या हिवाळी राइडची नोंदवही

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

काल लोम्बार्दिया (इटलीतली सायकल रेस, वर्षातली शेवटची मोठी) झाली म्हणजे आमच्यासाठी रोड सायकलिंगचा सीझन संपला. स्लोव्हेनियाचा पोगाचार जिंकला, सलग पाचव्यांदा, म्हणजे २०२१ पासून एकही वर्ष सोडलेलं नाही, जुन्या काळच्या इटालियन दिग्गज कोप्पीच्या एकूण पाच विजयांशी बरोबरी. पास्सो दि गांदाच्या चढावर गेला तो गेलाच, एव्हनपूल दुसरा. मजा आली का? खरं सांगायचं तर चढ सुरू झाला तेव्हाच आमच्या ग्रुपमधला डॉक्टर म्हणाला की आता निकाल लागला, आणि लागलाच. मी तरी शेवटपर्यंत बघितली, कारण एक तर बेर्गामोचा तो जुन्या गावातला चढ मला बघायचाच असतो, आणि दुसरं म्हणजे आता मार्चपर्यंत असं काही नाही.

रेस आमच्याकडे बघायची असा अलिखित नियम झालाय. काका (बँकेतून रिटायर, ६३ वय, चढावर आम्हाला सगळ्यांना गप्प करतात) येतात, डॉक्टर येतो, आइंडहोवनला असलेला आमचा मित्र व्हिडिओ कॉलवर. सासूबाईंना सुरुवातीला हे सगळं वेडेपणाचं वाटायचं, आता त्यांचा स्वैपाकच रेसवर चालतो. "अजून किती राहिलेत?" "सव्वाशे." "मग कुकर लावते, तोवर काय होत नाही." आणि खरंच होत नाही.

नवीन लोकांसाठी एक सांगून ठेवते, वेळेचा घोळ दरवर्षी कुणीतरी घालतंच. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं पुढे जातात, त्याच्या आधी आपण त्यांच्या साडेचार तास पुढे आणि नंतर साडेतीन. म्हणजे मार्चमधली मिलान-सान्रेमो आपल्याकडे रात्री उशिरा संपते आणि पॅरिस-रूबे, टूर द फ्रान्स वगैरे जेवणाच्या वेळेत. आणि ग्रुपवर निकाल सकाळी सातपर्यंत टाकायचा नाही. इमोजी पण नाही. मागच्या वर्षी एकाने नुसता इंद्रधनुष्याचा इमोजी टाकला होता (जगज्जेत्याच्या जर्सीवर इंद्रधनुष्याचे पट्टे असतात), सगळ्यांना कळलं कोण जिंकलं ते.

आजची राइड: सिंहगड. पायथ्याच्या गोळेवाडीपासून वरच्या पार्किंगपर्यंत ५८ मिनिटं ४० सेकंद. सप्टेंबरात ६१ होती. पण शेवटचे दोन किलोमीटर अक्षरशः मेले, एका वळणावर पाय टेकवला. ताकवाल्या मावशी म्हणाल्या "बस की जरा, पळतोय का गड". बसले.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली, फराळ झाला, पाऊस मात्र जायचं नाव घेत नाही. या आठवड्यात राइड शून्य, चकल्या अगणित.

म्हणून काल रात्री जुनी रेस लावली. यंदाच्या जिरोची (इटलीतली तीन आठवड्यांची रेस) विसावी स्टेज, म्हणजे विसावा टप्पा, ३१ मे. मी लाइव्ह बघितली नव्हती, लग्नाला गेले होते, फक्त निकाल माहीत होता. आणि मंडळी, निकाल माहीत असूनही मी सोफ्याच्या टोकाला बसून बघितली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दुसऱ्या दिवशी रोममध्ये नुसती मिरवणूक, म्हणजे जे व्हायचं ते इथेच. गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असलेल्याची, मेक्सिकोच्या देल तोरोकडे, कारापास त्याच्या ४३ सेकंद मागे आणि सायमन येट्स तिसरा, १ मिनिट २१ सेकंद मागे. शेवटचा मोठा चढ कोल्ले देल्ले फिनेस्त्रे, साडेअठरा किलोमीटर, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर, आणि वरचे आठेक किलोमीटर डांबरच नाही, कच्चा रस्ता. सिंहगडाच्या दुप्पट लांब आणि जास्त खडा, असा हिशोब करा, आणि तोही दोनशे किलोमीटरच्या स्टेजच्या शेवटाकडे.

याच चढावर २०१८ मध्ये येट्स गुलाबी जर्सीत होता आणि पार कोसळला होता, फ्रूम ८० किलोमीटर एकटा गेला आणि येट्सने त्या दिवशी ३८ मिनिटांहून जास्त घालवली. म्हणजे हा माणूस सात वर्षांनी त्याच चढाच्या पायथ्याशी आलाय.

आता मला जे दिसलं ते सांगते. पायथ्यालाच कारापास सुसाट सुटला, देल तोरो त्याला चिकटला, आणि येट्स गेलाच नाही त्यांच्याबरोबर. आपण असतो तर हृदय फुटेपर्यंत मागे लागलो असतो. तो आपल्या लयीत चढत राहिला, हळूहळू त्यांना गाठलं, आणि मग त्याने हल्ला केला, परत केला, परत केला, आणि गेला. मागे ते दोघं एकमेकांकडे बघत बसले, तू ओढ (म्हणजे पुढे राहून वारा अंगावर घे), मी का ओढू. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये होतं तसंच. वरून उतरल्यावर खाली त्याचा टीममेट वाउट व्हान आर्ट सकाळीच पुढे सुटलेल्या गटातून मागे थांबलेला, त्याने सेस्त्रिएरेकडे जाताना दरीत ओढून दिलं. स्टेज जिंकली क्रिस हार्परने, जिरो जिंकला येट्सने, देल तोरोपेक्षा ३ मिनिटं ५६ सेकंदांनी.

मी रात्री साडेअकराला उठून माझ्या १२ तारखेच्या सिंहगडाचा ग्राफ उघडला. पहिल्या दोन किलोमीटरला हार्टरेट १७२. डोणज्याकडून आलेली दोन पोरं पुढे गेली म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. ओळखीची नाही, पाळखीची नाही. सात किलोमीटर त्याचीच किंमत मोजली.

२ नोव्हेंबर

फक्त बोपदेव घाट दोनदा. रस्ता ओला. ब्रेक पॅड संपत आलेत, बदलायचेत (हे वाक्य लक्षात ठेवा).

९ नोव्हेंबर, रविवार

सिंहगड ५५:१०. तीन मिनिटं! पाय टेकवला नाही!

काय केलं ते सांगते, काही जादू नाही. पहिल्या अर्ध्या चढाला घड्याळावर हार्टरेट १५५ च्या वर जाऊ द्यायचा नाही अशी शपथ घेतली. साडेपाचला गोळेवाडीच्या नाक्यावर अंधार, थंडी पहिल्यांदाच जाणवली, आणि सुरुवातीलाच तीन जण मला टाकून गेले, त्यात एक जण फुलपँट घालून साध्या सायकलवर. जाऊ दे म्हटलं. फार त्रास होतो हो हे "जाऊ दे" म्हणताना, पायांपेक्षा मनाला जास्त. पण वरच्या खड्या वळणांवर त्यातले दोघं कठड्याला टेकून उभे होते. फुलपँटवाला मात्र दिसला नाही, तो बहुतेक वर भजी खाऊन उतरलाही असेल.

काका म्हणाले, "अगं, हे मी तुला तीन वर्षं सांगतोय." बरोबर आहे, सांगत होते. पण काकांनी सांगणं वेगळं आणि येट्सने सांगणं वेगळं, काय करणार.

आता ट्रिप. शेवटी ठरलं, कोकण. महाबळेश्वर की कोकण यावर ग्रुपवर दोन आठवडे चर्चा चालली होती, डॉक्टरला पसरणी घाट चढायचाच होता, पण आइंडहोवनवाला म्हणाला की तो नेदरलँड्समधून येतोय, त्याला समुद्र, सोलकढी आणि ऊन पाहिजे, थंडी त्याच्याकडे भरपूर आहे. तारखांवरून मात्र भांडण. त्याला सुट्टी नाताळात. माझं मत ठाम, नाताळच्या आठवड्यात सागरी मार्गावर सायकल घालायची नाही, पुण्यामुंबईच्या गाड्या, अरुंद रस्ता, आणि खोल्यांचे भाव दुप्पट. शेवटी त्याने रजा अलीकडे घेतली. शनिवार १३ डिसेंबरला निघायचं.

रूट साधारण असा. पहिला दिवस पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून निजामपूर, माणगाव, तिथपर्यंतच ११० च्या आसपास होतील, मग घोणसे घाट ओलांडून म्हसळा, श्रीवर्धन, जमलं तर हरिहरेश्वर. हा दिवस सगळ्यात लांब, पण ताम्हिणी घाट उतरायचा आहे, चढायचा नाही, हे लक्षात घ्या. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीने बाणकोटची खाडी ओलांडून वेसवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. तिसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीने धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, परत फेरी, जयगड, गणपतीपुळे. चौथा आरे-वारेवरून रत्नागिरी, पावस, पूर्णगड आणि पुढे जमेल तितकं. पाचवा विजयदुर्ग, देवगड करत मालवण. परत येताना बस, सायकली डिकीत आडव्या.

ज्यांना वाटतं कोकण म्हणजे समुद्राच्या कडेने सपाट, त्यांनी एकदा जाऊन यावं. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, प्रत्येक नदीची खाडी, आणि प्रत्येक खाडीला उतरायचं म्हणजे पलीकडून चढायचं. चढ लांब नाहीत, किलोमीटर-दीड किलोमीटर, पण जांभ्यातून कापलेले, भिंतीसारखे उभे, आणि दिवसातून पंधरा-वीस वेळा. वर सड्यावर पोचलात की सावली नाही. फेरीत पंधरा मिनिटं बसून पाय थंड होतात आणि उतरल्या उतरल्या पुढ्यात चढ. म्हणून सिंहगडाची प्रॅक्टिस पुरत नाही, सिंहगड एकदाच चढायचा असतो.

१६ नोव्हेंबर

गिअरची रामकथा. माझ्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, मागे सगळ्यात मोठी चकती २८ ची. काकांनी सांगितलं ३४ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) टाक, म्हणजे पुढे ३४ मागे ३४, पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, साधारण दोन मीटर दहा सेंटिमीटर. साठच्या केडन्सने (मिनिटाला पायाचे साठ फेरे) ताशी साडेसात किलोमीटर. २८ वर त्याच केडन्सला जवळपास सव्वानऊने जावं लागतं, आणि दहा टक्क्यांच्या चढावर बॅगांसकट सव्वानऊ माझ्याच्याने होत नाही, मग केडन्स पडते, मग गुडघे बोलायला लागतात.

तर गेले एका दुकानात, कॅसेट घेतली, बसवून दिली, पैसे दिले, घरी आले. मोठ्या चकतीवर टाकलं तर खरर्र खरर्र, डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) वरची पुली चकतीला घासतेय. डॉक्टरने बघितलं आणि हसायलाच लागला. माझा डिरेलर शॉर्ट केज, म्हणजे आखूड, तो २८ च्या वर घेतच नाही. ३४ साठी मिडियम केज पाहिजे आणि चेनही लांब. दुकानदाराने विचारलं नाही हे खरं, पण मीही बघितलं नाही. शेवटी डिरेलर आणि चेन दोन्ही नवीन. कॅसेटपेक्षा हेच महाग पडलं. कुणी मोठी कॅसेट टाकणार असाल तर आधी डिरेलरच्या मागच्या बाजूला कोरलेला मॉडेल नंबर वाचा, एसएस (शॉर्ट) की जीएस (मिडियम) ते तिथे असतं. दोन मिनिटांचं काम आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

सिंहगड ५३:०५. नवीन गिअरवर. शेवटच्या टप्प्यात सीटवरून उठावं लागलं नाही, आणि एक गंमत म्हणजे वेग कमी झाला असं वाटत होतं सगळा वेळ, पण घड्याळ उलटं सांगतंय. उतरताना मात्र पुढचा ब्रेक दाबला की कर्कश आवाज. पॅड. बदलायचे होते ना. रिमवर बारीक चरा पडलाय, बोटाला लागतो.

मग दुपारी सगळे आमच्याकडे, पिठलं-भाकरी, आणि टूर द फ्रान्स फामचे, म्हणजे बायकांच्या टूरचे, शेवटचे दोन दिवस परत. फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो, आधी कोल द ला मादलेनवर एकटी, मग दुसऱ्या दिवशी पिवळ्या जर्सीत (टूरमध्ये आघाडीवर असणाऱ्याची) शातेललाही पहिली. पॅरिस ऑलिंपिकचं माउंटन बाइकचं सोनं जिंकून रोडवर परत आलेली बाई, एप्रिलमध्ये रूबे आणि ऑगस्टमध्ये ही. सासूबाईंनी कुकर न लावता शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "एवढ्या चढावर हिला हसू कसं येतं?" मला सिंहगडावर येत नाही, एवढं सांगितलं.

जानेवारीचंही बोलणं झालं. १९ ते २३ ला पुणे ग्रँड टूर, यूसीआयची (सायकलिंगची जागतिक संघटना) २.२ वर्गाची स्टेज रेस, प्रोलॉग (सुरुवातीची छोटी, एकेकट्याने घड्याळाविरुद्धची रेस) आणि चार स्टेज मिळून ४३७ किलोमीटर, आणि तीही आपल्या रस्त्यांवर. इतकी वर्षं टीव्हीत बघतोय, आता दारात. रेसच्या रूटवर नवीन डांबर पडतंय, काका रोज सकाळी जाऊन बघून येतात, मुकादमासारखे. आइंडहोवनवाला तोवर परत गेलेला असेल, त्याची चिडचिड चालू आहे. त्याला मी म्हटलं, तू बेल्जियममध्ये फ्लँडर्सच्या रेसला क्वारेमाँटच्या चढाशेजारी हातात फ्राइज घेऊन उभा राहतोस तेव्हा आम्ही काही बोलतो का. आम्ही घाटात कणीस घेऊन उभे राहू आणि तुला व्हिडिओ कॉल करू.

७ डिसेंबर, रविवार

सहा दिवस राहिले. आज पूर्ण सामान लादून १०० किलोमीटर, भोरपर्यंत जाऊन परत. बॅग मागे डोलत होती, दोन पट्टे वाढवले. पहाटे निघताना बोटं बधिर आणि अकरानंतर टळटळीत ऊन, म्हणजे जाकीट काढायचं आणि मग ठेवायचं कुठे हा प्रश्न. कोकणात तर दुपार याहून गरम. आम्ही ठरवलंय की सहाला निघायचं, बारा ते तीन कुठेतरी आंब्याखाली आडवं व्हायचं आणि सहाच्या आत मुक्काम गाठायचा, कारण त्यानंतर अंधार, आणि रस्त्यावर म्हशी असतात, त्यांना मागे लाल दिवा नसतो.

वाटणी अशी: पंप दोन, काकांकडे आणि माझ्याकडे. ट्यूब प्रत्येकी दोन. चेनचं तेल आणि तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक डॉक्टरकडे. डिरेलर हँगर (डिरेलर ज्याला अडकतो तो तुकडा) ज्याचा त्याने आणायचा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. मीठ-लिंबू-साखर काकांच्या बॅगेत, त्यांचा त्या रंगीत गोळ्यांवर विश्वास नाही. रोख पैसे सुटे ठेवा, फेरीवर आणि टपरीवर नेटवर्क असेलच असं नाही.

पहिल्या दिवशी माणगावपर्यंत कुणी कुणाच्या मागे लागायचं नाही असं ठरलंय. काकांनी सगळ्यांकडून वदवून घेतलं, माझ्याकडून दोनदा.

आणि हो, ब्रेक पॅड. उद्या संध्याकाळी. नक्की.