मडगार्डसाठी अडलेली सायकल

‘मडगार्ड ही सुरक्षेची वस्तू नाही, त्यामुळे ती योजनेत बसत नाही.’ आमच्या एचआरचं हे लेखी उत्तर आठवलं की आजही माझं डोकं तापतं. तेही मँचेस्टरसारख्या गावात, ऐन ऑक्टोबरच्या पावसात! हिवाळ्यात ऑफिसला जायला रोड बाईक, म्हणजे वळलेल्या हँडलची हलकी सायकल, घेणाऱ्यांसाठी लिहिते आहे. सायकल निवडणं सोपं होतं. अडलं ते कागदावर.

योजना तुम्हाला माहीत असेलच. ब्रिटनमध्ये १९९९पासून ‘सायकल टू वर्क’ आहे. कंपनी सायकल आणि तिच्यासोबत सुरक्षेच्या वस्तू घेऊन आपल्याला भाड्याने देते आणि हप्ते कर कापण्याआधीच पगारातून जातात. साध्या दराने कर भरणाऱ्याचे २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) मिळून २८ टक्के वाचतात. हप्ता वजा जाऊन पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, अशी अट आहे.

माझा रस्ता डिड्सबरीहून विल्म्स्लो रोडने, रशोममधून, पुढे ऑक्सफर्ड रोडने सिटी सेंटरपर्यंत. आठेक किलोमीटर, जवळजवळ सपाट, आणि बराचसा भाग सायकलींसाठी वेगळा काढलेला. उन्हाळ्यात इथे कुठलीही सायकल चालते. डिसेंबरात मात्र सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. रस्ता कायम ओला, आणि गारठ्याचा इशारा आला की त्यावर मिठाचा मारा. हे मीठ चेन आणि बोल्ट खाऊन टाकतं.

ऑफिसात कोल्हापूरचे एक दादा आहेत, इथे बरीच वर्षं सायकलने येतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “काय वाट्टेल ती घे, पण मडगार्डबिगर घेऊ नकोस बघ. पाठीवर चिखलाचा पट्टा उठतोय, आणि मागनं येणाऱ्याच्या तोंडात पाणी जातंय.”

दुकानात गेलं की आधी वजन आणि गिअर ऐकवतात. रोज हिवाळ्यात चालवायची असेल तर त्या दोन्ही गोष्टी मागे ठेवा आणि खाली वाका. मागच्या चाकाच्या ॲक्सलजवळ फ्रेमला, आणि पुढे चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) दोन्ही टोकांना, आटे पाडलेलं बारीक भोक आहे का ते बघा. मडगार्डच्या तारा तिथेच बसतात. शर्यतीच्या धाटणीच्या अनेक सायकलींना ही भोकं नसतातच, मग पट्ट्यांनी बांधायची मडगार्डं घ्यावी लागतात आणि ती खडखडत राहतात. काही फ्रेमवर भोक रंगाने बुजलेलं असतं, नखाने खरवडून बघा. मग टायरच्या माथ्यावर किती फट आहे ते बघा. मडगार्ड टायरपेक्षा दहा-बारा मिलिमीटर रुंद हवं, आणि त्याच्या आत टायर मोकळा फिरायला हवा, नाहीतर पानं आणि चिखल अडकून चाक घासतं.

डिस्क ब्रेकबद्दल माझं मत पक्कं आहे. चाकाच्या कडेलाच पकडणारा रिम ब्रेक असेल तर ओल्या रस्त्यावरची रेती पॅडमध्ये रुतते आणि ब्रेक दाबाल तसतशी रिमच झिजते. म्हणजे शेवटी चाक बदलायचं. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्यावरच्या तबकडीला पकडतो, ती झिजली तर फक्त तेवढीच बदलायची. शिवाय पावसात डिस्क लवकर पकडते.

पोलादी फ्रेमची जेनेसिस क्रोआ द फेर मला मनापासून आवडली होती, भोकं सगळी जिथल्या तिथे. पण ती उचलून जिना चढणं मला झेपेना. शेवटी ट्रेकची डोमाने एएल ठरली. ॲल्युमिनियमची, डिस्कची, बत्तीस मिलिमीटरच्या टायरची. दुकानातल्या मिस्त्रीने मडगार्ड चिमट्याखाली धरून किती फट उरते ते मला दाखवलं. त्याने कोटेशन बनवलं: सायकल, मडगार्ड बसवून, पुढचा-मागचा दिवा आणि कुलूप. सप्टेंबर संपत आला होता.

आणि मग कोटेशन एचआरकडे गेलं.

आधी बरेच दिवस काहीच नाही. पोर्टलवर नुसतं ‘तपासणीत’. मग ते उत्तर आलं: दिवे चालतील, कुलूप चालेल, मडगार्ड काढा. मी विचारलं, हे कुठे लिहिलंय? त्यांनी कंपनीचा एक पानी तक्ता पाठवला. त्यात हेल्मेट, दिवे, कुलूप, संपलं. ‘मडगार्ड स्वतःच्या पैशाने घ्या ना,’ असा सल्लाही दिला. पैशाचा प्रश्नच नव्हता, मडगार्डची जोडी काही सायकलच्या किमतीची नसते. पण मंजुरीनंतर दुकानात द्यायला जे व्हाउचर मिळतं त्याची रक्कम आणि कोटेशनची रक्कम पैशापैशाने जुळावी लागते. एक ओळ काढायची म्हणजे नवं कोटेशन, नवा अर्ज, पुन्हा तीच रांग. आणि मुळात चुकीची गोष्ट मी मान्य का करायची? अंधारात, पावसात, समोरच्या चाकाचं पाणी डोळ्यांत उडत असताना रस्ता दिसणं ही सुरक्षा नाही तर काय आहे?

मी वाहतूक खात्याची, म्हणजे सरकारचीच, मार्गदर्शिका उघडली. मालकांसाठी लिहिलेली आहे, कुणालाही वाचता येते. त्यात सुरक्षेच्या वस्तूंची यादी आहे, आणि त्या यादीत आरशांच्या जोडीला मडगार्ड स्पष्ट लिहिलेलं आहे, चालवणाऱ्याला नीट दिसावं म्हणून. कॅरिअर, त्याला अडकवायच्या पॅनिअरच्या पिशव्या, पंप, पंक्चरचं सामानसुद्धा आहे. तो उतारा मी जसाच्या तसा मेलमध्ये टाकला.

उत्तर आलं, ‘फायनान्सला विचारतो.’ फायनान्सने योजना चालवणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे बोट दाखवलं. मध्यस्थ म्हणाले, ‘आमची काही हरकत नाही, निर्णय मालकाचा.’ तिघांच्या मधे मी, आणि रोज सकाळी पिवळ्या बसच्या गर्दीत उभी. दरम्यान कोटेशनची मुदत संपली. दुकानात फोन केला तर माझ्या मापाची फ्रेम विकली गेली होती, नवी यायला वेळ लागणार होता. त्या दिवशी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

दादांनी सांगितलं की त्यांनाही हेच उत्तर मिळालं होतं आणि त्यांनी कंटाळून खिशातून पैसे भरले होते. मग आम्ही दोघांनी मिळून मेल केला, एचआरच्या प्रमुखांना थेट. काही दिवसांनी पोर्टलवर हिरवी खूण उमटली. खुलासा नाही, दिलगिरी नाही. पण तक्त्यात आता मडगार्डची ओळ आहे, आणि ती आमच्यामुळे आहे याचा मला अभिमान आहे.

व्हाउचर हातात पडल्यावर दुकानाचं काम चुटकीसरशी झालं. नोव्हेंबरअखेरीस सायकल घरी आली.

हो, पेडल. बऱ्याच रोड बाईक पेडलशिवाय विकतात. इथल्या कायद्याने रात्री पुढे पांढरा, मागे लाल दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर आणि १ ऑक्टोबर १९८५नंतर बनलेल्या सायकलला पेडलवर पिवळसर रिफ्लेक्टर लागतात. बूट अडकवायच्या पेडलना ते सहसा नसतात. साधी सपाट पेडल घ्या, ओल्या बुटांनाही बरी. आणि अर्जाआधीच एचआरकडून त्यांचा तक्ता मागून घ्या, मगच दुकानात जा. कोटेशनवर मुदतीची तारीख लिहून घ्या. चेनला ओल्या हवामानाचं दाट तेल, आणि मीठ टाकलेल्या दिवशी घरी आल्यावर साध्या पाण्याने हळू धुणं, पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारू नका. बर्फ गोठलेला असेल त्या दिवशी मी बसनेच जाते.

भाड्याचं वर्ष संपल्यावर सायकल लगेच आपली होत नाही. पाचशे पौंडांच्या वरची असेल तर एका वर्षानंतर करखातं तिची किंमत मूळ किमतीच्या २५ टक्के धरतं. तेवढे पैसे एकदम भरावे लागू नयेत म्हणून बहुतेक मध्यस्थ भाडेकरार थोड्या अनामतीवर पुढे वाढवून देतात. तो पर्याय आहे का, हे सही करण्याआधी विचारा. आणि नोकरी बदलायचा विचार असेल तर उरलेले हप्ते शेवटच्या पगारातून, कर कापून झाल्यावर वळते होतात, तेव्हा आधी नोकरीचं ठरवा आणि मग अर्ज करा.