शिडीवरचा पोर

चवथ तोंडावर आली की आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात घरांना रंग काढायची घाई उडते. बाबा रंगारी. पावसाने पोपडे धरलेली भिंत खरवडायची, चुना भिजत घालायचा, त्यात नीळ कालवायची, हातांना खोबरेल चोळायचं आणि कुंची घेऊन शिडी चढायची. मी अकरा वर्षांची असताना माशेलजवळच्या एका घरी त्यांच्याबरोबर गेले. गणपतीच्या खोलीत वाशांखाली एक अरुंद पट्टी होती. तिथे मोठ्या माणसाची मान मावत नव्हती, म्हणून बाबांनी मला वर चढवलं.

वर गेले आणि हात थांबला. समोर ओल आलेली भिंत. त्या डागांत एक बाई हात उंचावून उभी होती, तिच्यामागे वाकलेला म्हातारा, मग आणखी कोण कोण, सगळी एकमेकांना धरून गोल फिरणारी. कुंचीतला चुना ओघळून कोपरापर्यंत आला तरी मी बघतच राहिले.

पुढे पणजीला आल्तिन्योवर कला महाविद्यालयात शिकताना ग्रंथालयातल्या एका पुस्तकात तळहाताएवढी छपाई सापडली आणि मी तिथेच खाली बसले. याचेक माल्चेव्स्की या पोलिश चित्रकाराचं ‘दुष्टचक्र’, 1895 ते 1897 या काळात रंगवलेलं. उंच शिडीच्या टोकावर रंगाऱ्याचा पोर बसलाय, ब्रश घेऊन. त्याच्याभोवती माणसांचं रिंगण हवेत तरंगतंय. एका बाजूला उजेड, उघडी अंगं, नाचाची धुंदी; दुसऱ्या बाजूला काळोख आणि त्यात पिचलेली माणसं. मूळ चित्र 174 बाय 240 सेंटिमीटरचं, पोझनानच्या संग्रहालयात आहे. मी ते अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, आणि पाहायचंच आहे.

त्या काळात पोलंड नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. माल्चेव्स्की हा यान मातेयकोचा विद्यार्थी. गुरूने देशाचा इतिहास भव्य पटांवर मांडला, शिष्याने सैबेरियात हद्दपार झालेली माणसं रंगवली. त्यामुळे रिंगणातल्या काळोखात देशाचं दुःख वाचणारे वाचतात, ते पटतं. पण मी दर वेळी शिडीपाशीच अडते. त्याच सुमारास, 1891 मध्ये, फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह मोरोने प्राचीन ग्रीक कवी हेसिअड रंगवला. त्याच्या पाठीशी पंखांची कलादेवता, हातात वीणेसारखं वाद्य. देखणं चित्र आहे, पण पंखवाली देवता आमच्या घराकडे कधी फिरकली नाही. माल्चेव्स्कीच्या पोराला बोलावणं आलं ते मजुरीच्या शिडीवर. तो भिंत रंगवायला चढला नसता तर त्याला ते रिंगण दिसलंच नसतं. सुख निवडावं की दुःख, असा प्रश्न या चित्रात आहे असं म्हणतात. मला तर वाटतं दोन्ही एकदमच येतात आणि बसल्या जागेवरून हलता येत नाही.

बाबांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल यांची ‘दीपावली’ अंकांची मुखपृष्ठं चिकटवलेली होती. बाबांनी ती कधी कुणाला बोलावून दाखवली नाहीत.

त्या दिवशी खालून शिडी धरून ते म्हणाले, “कितें पळयता गो?” काय बघतेस गं?

“नाचतात ती.”

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चुलीकडून कोळशाचा तुकडा आणून माझ्या हातात दिला आणि स्वतः दुसऱ्या भिंतीकडे वळले. दिवेलागणीपर्यंत मी डागांच्या कडेने रेघा ओढत होते. घरच्या वहिनीने दारातून पाहिलं, काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतःच त्यावरून चुना फिरवला. गणपतीची भिंत पांढरी हवी होती. पहिला हात सुकला तेव्हा बाई दिसत होती. दुसऱ्या हातानंतरही तिचे वर केलेले हात राहिले होते. बाबा खाली उतरले, बराच वेळ भिंतीकडे पाहत उभे राहिले, आणि मग तिसऱ्या हातासाठी चुना ढवळायला बसले.