जुनी लेन्स की नवी? तुम्ही विचारलंत म्हणून

जुन्या लेन्सचा फोटो खरंच वेगळा दिसतो का, की नुसतं कौतुक चाललंय, हे मला सारखं विचारलं जातं, तर एकदाच लिहून टाकतो. दिसतो. पण कधी दिसतो ते कोणी सांगत नाही आणि खरी मेख तिथेच आहे.

हेलिओस ४४-२ घ्या. ५८ मिमी, एफ/२, सोव्हिएत बनावटीची, मूळ डिझाइन जर्मन त्साइस कंपनीच्या बायोटार लेन्सचं. अपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) पूर्ण उघडं ठेवून कोणाचातरी पोर्ट्रेट काढा, मागे जरा अंतरावर झाडी हवी आणि पानांतून झिरपणारा उजेड. डोळे बऱ्यापैकी शार्प येतात पण पापणीच्या केसांभोवती बारीकसा धुकट उजेड पसरलेला असतो, आणि मागचे उजेडाचे ठिपके मधोमध गोल, कडेला जाता जाता चपटे होत होत सगळे चेहऱ्याभोवती गरगर फिरल्यासारखे दिसतात. ह्यात जादूबिदू काही नाही. धुकटपणा म्हणजे मुख्यतः स्फेरिकल अ‍ॅबरेशन (काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच ठिकाणी न जुळणं), आणि कडेला तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या नळीतच अडतो म्हणून ठिपके कापले जातात, वर फील्ड कर्व्हेचरची, म्हणजे फोकसचं प्रतल सपाट नसून वाकलेलं असण्याची, भर. थोडक्यात चक्क दोष आहेत, फक्त आपल्याला आवडलेले.

आता तोच माणूस, तीच झाडी, आणि सिग्माची ५० मिमी एफ/१.४ आर्ट. हेलिओसमध्ये ६ काचा, हिच्यात १३. पापण्या मोजून घ्या, गालावरची छिद्रंसुद्धा (पोर्ट्रेट ज्याचा आहे त्याला हे आवडेलच असं नाही). पण नव्या लेन्सचा बोके (मागच्या धूसर भागाचा पोत) नेहमीच गुळगुळीत असतो हाही गैरसमज, काही अ‍ॅस्फेरिकल (गोलाकार नसलेल्या वक्रतेच्या) काचांमुळे ठिपक्यांत एकात एक गोल रेषा उमटतात आणि एकदा दिसल्या की डोळ्यांना खुपतच राहतात.

दुसरा फरक उजेड समोरून असताना. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो आणि हेलिओससारख्या रचनेत हवेला लागलेले असे ८ पृष्ठभाग असतात, म्हणजे पाऊण प्रकाशही धड पोचला नसता, आणि आत उड्या मारणारा प्रकाश सावल्या करड्या करणार. त्साइसचे शास्त्रज्ञ स्माकुला यांनी १९३५ मध्ये कोटिंगची पद्धत काढली म्हणून निभावलं, तरी जुनं एकेरी कोटिंग आजच्या अनेक थरांच्या मल्टिकोटिंगपुढे कमीच पडतं. लोक ज्याला 'सिनेमॅटिक' म्हणतात ते बऱ्याचदा हेच, उतरलेला कॉन्ट्रास्ट. तसंच जुन्या ५० मिमी सुपर टाकुमार लेन्सचा 'वॉर्म टोन', तो थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य मिसळलेली काच वर्षानुवर्षांत पिवळी पडल्याचा परिणाम, यूव्ही उजेडात ठेवली की बराचसा निघून जातो.

आणि अपर्चर बारीक करून एफ/८ ला या, सूर्य पाठीशी घ्या. कोपरे झूम करून बघितले तर ठीक, नाहीतर कुठला फोटो कुठल्या लेन्सचा हे मला तरी ओळखता येत नाही. 'थ्रीडी पॉप'वर (माणूस फोटोतून उठून आल्यासारखा दिसणं) तावातावाने बोलणाऱ्यांना येतं की नाही, त्यांनाच विचारा.

मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर साध्या अ‍ॅडॅप्टरवर जुनी लेन्स बसते, जरूर घ्या, पण आधी टॉर्च मारून आत बुरशी नाही ना ते बघा. आणि पळत्या पोरांचे फोटो काढायचे असतील तर नवीच घ्या, एफ/२ ला हाताने फोकस होईपर्यंत पोरगं फ्रेमबाहेर गेलेलं असतं.