नमुना एकची जमा बाजू

2022 च्या डिसेंबरात मी ग्रामपंचायतीवर निवडून आले आणि महिन्याभरातच 2023-24 चं अंदाजपत्रक सह्यांसाठी समोर आलं. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं आमचं गाव, नऊ सदस्य, त्यातल्या पाच आम्ही बायका. भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकाला आमच्याकडे सगळे भाऊसाहेबच म्हणतात) आकडे भराभर वाचले, कुणीतरी "मंजूर" म्हणालं, आणि माझी सही झाली. काय मंजूर केलं हे मला सांगता आलं नसतं.

ते कळलं ऑगस्टमध्ये. आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, सतरा वर्षांचा, जन्मापासून पायात बळ नाही. त्याची आई एका संध्याकाळी दारात आली. "वहिनी, पंचायतीत अपंगांसाठी पैसे असतात म्हणं. आमच्या पोराला चाकाची खुर्ची मिळंल का?" नियम खराच आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तसेच 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी. मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले, नमुना एक, म्हणजे अंदाजपत्रकाचा तक्ता, काढायला लावला. तिथं ओळ होती: दिव्यांग कल्याण, तरतूद 39,000 रुपये. मला वाटलं, काम झालं.

भाऊसाहेब म्हणाले, "ताई, तरतूद आहे. पैसे नाहीत."

हे वाक्य मला तेव्हा पळवाट वाटलं. पुढचे चार महिने मी ते समजून घेण्यात घालवले. भाऊसाहेबांवर तीन गावांचा भार होता, ते सोमवारी आणि गुरुवारी येत. त्या दोन दिवशी मीही जाऊन बसायचे. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे 2011 च्या लेखासंहितेप्रमाणे 33 नमुने आहेत, पण सदस्याला चार वाचता आले तरी गाव दिसायला लागतं. नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, 5 म्हणजे रोकड वही, 8 म्हणजे कर आकारणी, 9 म्हणजे कर मागणी. मी आधी खर्चाची बाजू वाचत होते, कारण सगळ्यांचे डोळे तिथंच जातात. संगणक परिचालक मुलगी एकदा सहज म्हणाली, "काकी, जमेची बाजू बघा की." तिथं उत्तर होतं.

घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर मिळून चालू वर्षाची मागणी 4,30,000 आणि मागची थकबाकी 3,50,000. बेरीज 7,80,000. अंदाजपत्रकात हे सगळेच्या सगळे 7,80,000 "जमा होतील" म्हणून धरलेले. त्याचे 5 टक्के म्हणजे आमचे 39,000. आणि रोकड वहीत डिसेंबरअखेर प्रत्यक्ष वसुली होती 1,60,000. ती शिपायाच्या आणि पाणी सोडणाऱ्याच्या पगारात, वीजबिलात, कागदात संपलेली. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. जमा फुगवून लिहायची, म्हणजे खर्चाच्या बाजूला प्रत्येकाला काहीतरी देता येतं. मग पैसे आले नाहीत की ज्याचा आवाज सगळ्यांत कमी, त्याची ओळ कोरी राहते. यात कुणी एक पैसाही खाल्लेला नव्हता. म्हणूनच मला ते जास्त लागलं, कारण तक्रार करायला समोर माणूसच नव्हता.

26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावीच लागते. एरवी ती रजिस्टरवर होते. या खेपेला आम्ही पाचजणींनी घरोघरी सांगितलं आणि 25 तारखेला शाळेच्या वर्गात साठेक बायका आल्या. मी फळ्यावर तीन खाती काढली. एक, स्वनिधी, म्हणजे आपण भरतो ती घरपट्टी वगैरे. दुसरं, पाणीपट्टी; तिचं खातं वेगळं, ती पाण्यावरच खर्चायची. तिसरं, पंधराव्या वित्त आयोगाचे केंद्राकडून येणारे पैसे. त्यातले 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच, निम्मे पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला, उरलेले 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांना. त्या अबंधितमधूनही पगार करता येत नाही.

मागून एक आजी उठल्या. "मग दरसाली सभामंडप करू, सभामंडप करू म्हणत्यात ते कशातनं?" वर्गात शांतता झाली. कुणालाच त्या पैशांत सभामंडप बसत नाही हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मग बायकांनीच बोलायला सुरुवात केली. खालच्या आळीचं गटार उघडं आहे, ते स्वच्छतेत बसतं ना? बसतं. अंगणवाडीच्या टाकीला नळ नाही, तो पाण्यात बसतो ना? बसतो. अर्ध्या तासात गावाच्या आराखड्यातली पाच कामं नक्की झाली. माझ्या दोन वर्षांतला सगळ्यांत चांगला अर्धा तास तो. दुसऱ्या दिवशीच्या मुख्य ग्रामसभेत, कोरम भरल्यावर, तेच ठराव झाले. त्यात एक नवा होता: यापुढे वसूल होणाऱ्या दर रुपयातले पाच पैसे आधी दिव्यांगांच्या खात्यात, मग बाकीचं.

आता वसुली करायची होती. सुरुवात घरातून केली. आमचीच चार वर्षांची घरपट्टी थकली होती, सासऱ्यांच्या नावावर. मामंजींना वाईट वाटलं, पण त्यांनी पावती घेतली आणि चावडीजवळ बसून चारचौघांना दाखवली. त्याचा उपयोग झाला.

नऊ नंबरची वही घेऊन मी आणि शिपाई संध्याकाळी फिरायचो. मला वाटायचं गरिबांची थकबाकी जास्त असेल. नव्हती. त्यांना दाखले लागतात, उतारे लागतात, घरकुलाचा अर्ज असतो. त्यांचे पैसे कधी ना कधी भरलेले असतात. मोठे आकडे होते दोन मजली घरांचे, ज्यांना पंचायतीकडून काही नकोच असतं. काहींचं म्हणणं रास्त होतं. आठ नंबरला आजोबांचं नाव, घराचे तीन वाटे, कुणाच्या वाट्याला किती पट्टी हे कुणी लिहिलेलंच नाही. अशा घरी मी वसुली मागितली नाही, नोंद वेगळी करण्याचा अर्ज लिहून घेतला. एका निवृत्त गुरुजींनी तासभर बसवून विचारलं की 2015 नंतर भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर, कर लावायचा असताना माझ्या पत्र्याच्या शेडला पक्क्या घराचा दर कसा? त्यांचं बरोबर निघालं. दुरुस्ती झाली आणि त्यांनी त्याच दिवशी बाकी भरली. लोक कर बुडवतात असं आपण सरसकट म्हणतो. मला दारात उभं राहून दिसलं ते असं, की निम्म्या लोकांना आपला हिशेब कुणी नीट सांगितलेलाच नाही.

फेब्रुवारीअखेरीस दुसरीच घाई सुरू झाली. लोकसभेची आचारसंहिता कधीही लागेल, मग नवा लाभ देता येणार नाही, आणि 31 मार्चला वर्ष संपतंय. गावात यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असलेले तेरा जण होते. तीन जणांची बँक खाती आधारला जोडलेली नव्हती. त्यातल्या एका अंध आजोबांचा अंगठाच मशीनवर उमटेना. त्यांना तालुक्याला दोनदा न्यावं लागलं, जीप करून. ते काम झालं नसतं तर पैसे असूनही त्यांचं नाव गळलं असतं.

दहा मार्चपर्यंत वसुली 3,64,000 वर गेली. 5 टक्के म्हणजे 18,200. सगळे एकालाच देऊन खुर्ची घ्यायची की तेरा जणांत वाटायचे, यावर मासिक सभेत दोन तास गेले. मी खुर्चीच्या बाजूनं बोलले. बहुमत समान वाटपाचं झालं आणि प्रत्येकाच्या खात्यात 1,400 रुपये गेले. 16 मार्चला निवडणूक जाहीर झाली.

त्या मुलाच्या आईनं मला विचारलं, "वहिनी, चौदाशात खुर्चीचं एक चाक तरी येतंय का?" मला उत्तर देता आलं नाही. खुर्ची पुढं पावसाळ्यानंतर मिळाली, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेच्या शिबिरातून, अलिम्को या सरकारी कंपनीची. त्या शिबिराची नोंदणी आम्हाला कळली ती तेराजणांची यादी तयार होती म्हणूनच.

2024-25 चं अंदाजपत्रक आम्ही वसुली बघून धरलं, जमा 7,80,000 च्या जागी 4,50,000. त्यावर गावात नाराजी झाली. पंचायतीचं बजेट कमी करून गावाची पत घालवली, असं पारावर बोललं गेलं, सभेत तोंडावरही ऐकवलं गेलं. मी नमुना 5 उघडून पुढं ठेवला. दिव्यांगांची तरतूद 39,000 वरून 22,500 वर आली होती. कागदावर कमी दिसत होती. डिसेंबरपर्यंत त्यातले 17,000 खात्यात जमा होते.

ग्रामपंचायत कार्यालयाला पाच पायऱ्या आहेत. मुलगा खुर्चीवरून येतो आणि खालीच थांबतो. त्याचा कागद घेऊन मी वर जाते. रॅम्पचं इस्टिमेट शाखा अभियंत्यांकडून आलंय, अबंधित निधीत धरलंय, आराखड्यात चौदाव्या ओळीला आहे. तांत्रिक मान्यता व्हायची आहे. येत्या सोमवारी त्यासाठी तालुक्याला जातेय.