गादीचा कुबट वास घालवताना: माझा अनुभव

वास मला आलाच नव्हता, तो आला माझ्या आईला. चार दिवस राहायला आली होती. पहिल्याच रात्री आमच्या पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "अगं, या गादीला कुबट वास येतोय." मला ते लागलं. दर आठवड्याला न चुकता चादर बदलणारी मी. लगेच वाकून हुंगून पाहिलं, काहीच जाणवलं नाही. आई म्हणाली, "तुला नाहीच येणार. रोज त्यातच झोपतेस."

तिचं बरोबर होतं. एकाच वासात सतत राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. दुसऱ्या दिवशी दोन तास बाहेर जाऊन आले आणि थेट खोलीत गेले. चादर काढली, तळहातांनी गादी जोरात दाबली आणि लगेच तिथे नाक नेलं. दाबल्यावर आतली हवा बाहेर पडते, तिच्याबरोबर आतला वासही येतो. आला. बंद कपाटात ओला टॉवेल राहून गेल्यावर येतो ना, अगदी तसा.

पुढच्या आठवड्यात मी जे केलं त्यातलं बरंचसं चुकलं. ते लपवत नाही, कारण हेच उपाय सगळीकडे सांगितले जातात. आधी कापडावर मारायचा सुगंधी फवारा आणला. दोन दिवस फुलांचा वास, तिसऱ्या दिवशी फुलं आणि कुबटपणा दोन्ही एकत्र. मग खाण्याचा सोडा पसरला आणि त्यावर व्हिनेगर शिंपडलं. फसफस छान झाली, काहीतरी घडतंय असं वाटलं. पण सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघं भेटले की एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस विरला की उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. ते पाणी माझ्या फोमच्या गादीत उतरलं. वरून मी साबणाच्या पाण्याने घासलंही. संध्याकाळी हात लावला तर कोरडी वाटली, म्हणून चादर घालून झोपलो. तीन दिवसांनी गुडघा रोवून दाबलं तेव्हा कापडाला ओल आली. फोम म्हणजे स्पंजच. वरचा थर तासाभरात वाळतो, पोटातलं पाणी पंख्याखालीही दिवसेंदिवस तसंच राहतं. वास दुप्पट झाला.

तेव्हा कुठे गादी उचलून खाली बघायचं सुचलं. खरं तर पहिल्या दिवशी हेच करायला हवं होतं. मी आणि नवऱ्याने मिळून ती भिंतीला उभी केली. आमचा पलंग बॉक्सचा, वर सलग प्लायवूड. त्या प्लायवर टाचणीच्या टोकाएवढे काळसर ठिपके होते, तसेच गादीच्या तळाच्या कापडावर. आणि ते सगळीकडे नव्हते. आम्ही दोघं जिथे झोपतो तिथेच, पाठ आणि कंबर येते त्या दोन पट्ट्यांत.

त्या ठिपक्यांनी मला गादीचं सगळं गणित शिकवलं. झोपेत घाम फुटल्याचं कळलं नाही तरी त्वचेतून बाष्प सुटतच असतं. गादीचा वरचा भाग अंगाच्या उबेने गरम, तळ थंड. बाष्प खाली उतरत जातं आणि थंड, सलग फळीपाशी पोचलं की तिथेच दमटपणा धरून बसतं. दिवसा ते निघून जायला हवं, पण मी उठल्या उठल्या चादर ताणून वर जाड पलंगपोस घालत होते. ती सवय लहानपणापासूनची, तिचा मला अभिमान होता. भरीला बॉक्समध्ये जुन्या गोधड्या ठासून भरलेल्या, म्हणजे खालूनही हवा बंद. मी वरून काय काय शिंपडत होते आणि ओल बसली होती तळाला.

आधी कोरडं करायचं, मग साफ करायचं, असं ठरवलं. बॉक्स रिकामा केला. गादी दोन दिवस उभीच ठेवली, समोरून पंखा, खिडक्या उघड्या, आणि दर काही तासांनी तिची बाजू बदलली. आई म्हणत होती, कडक ऊन दाखव. कापसाच्या गादीसाठी ते उत्तमच. पण फोम आणि लॅटेक्स तासन्‌तास भर उन्हात ठेवले की पिवळे पडतात, ठिसूळ होतात. मी गादीला कोवळ्या उन्हात तासभर ठेवलं, तेही फक्त तळाची बाजू.

मग ठिपके. तोंडाला मास्क लावला, कारण वाळलेली बुरशी घासली की तिचे बीजाणू उडतात. तळाचं कापड आधी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेतलं, तेही घराबाहेर. मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये फडकं ओलं करून टिपत टिपत पुसलं. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून जवळ ज्योत नाही, विजेची ठिणगी नाही, खिडक्या सताड उघड्या. त्याचा फायदा असा की ते झटकन उडून जातं, आत पाणी मुरत नाही.

मोठ्या गादीची खोळ चेनची होती. उघडून पाहिलं तर आतला फोम स्वच्छ निघाला. मुलीची छोटी गादी मात्र वाचली नाही. तिच्या फोमवर राखाडी पट्टे आत उतरलेले होते. बुरशीचे धागे फोमच्या छिद्रांत शिरले की वरून काहीही फवारा, आतपर्यंत पोचत नाही. ती गादी टाकून दिली. वाईट वाटलं, पण चार वर्षांचं मूल रात्रभर त्यात नाक खुपसून झोपतं, हा विचार त्याहून वाईट होता.

आता सोड्याकडे परत येते, कारण त्याच्यावर मी उगाच राग धरला होता. कोरड्या गादीवर कोरडाच वापरला तर तो खरंच काम करतो. घामाच्या वासातली बरीच द्रव्यं आम्लधर्मी असतात, त्यांना तो शमवतो. चहाच्या गाळणीने पातळ थर भुरभुरवला, रात्रभर ठेवला आणि आम्ही दुसऱ्या खोलीत झोपलो. सकाळी व्हॅक्यूम अगदी सावकाश फिरवला, शिवणी आणि कडेच्या पट्ट्या टोकदार नळीने. सोडा फार बारीक असतो, फिल्टर तुंबतो. नंतर तो झटकून घ्यावा लागतो. पण सोड्याने बुरशी मरते, किडे मरतात, हे म्हणणं खरं नाही. तो वासापुरता.

शिवणी साफ करताना प्रत्येक घडी मी टॉर्च लावून बघितली. ढेकूण असतील तर ते आधी तिथेच सापडतात: शाईचे टिंब पडावेत तसे काळे ठिपके, फिकट रंगाच्या कात, आणि सफरचंदाच्या बीएवढे चपटे तपकिरी किडे. आमच्याकडे नव्हते. निघाले असते तर हा सगळा मार्गच वेगळा झाला असता, सोड्याबिड्याने ते भागत नाही.

किडे होते ते न दिसणारे. मुलगी रोज सकाळी उठल्यावर ओळीने सात-आठ शिंका द्यायची, दिवसभर ठीक असायची. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की ती कशावर झोपते. डस्ट माइट, म्हणजे घरच्या धुळीतले बारीक जीव, जेमतेम पाव ते तृतीयांश मिलिमीटरचे असतात आणि आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगतात. चावत नाहीत, ॲलर्जी येते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. घरच्या धुळीच्या ॲलर्जीमागे हा जीव आहे, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ मध्ये मांडलं. मला त्यातली एक गोष्ट फार कामाची वाटली: हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा अंगात शोषून घेतात. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकली की ते सुकत जातात. म्हणजे पुन्हा मुद्दा ओलीपाशीच आला.

मी एक छोटा आर्द्रतामापक आणला. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली ती सर्वांत शहाणपणाची खरेदी. बंद खोलीत सकाळी ७५ च्या वर आकडा दिसला, तेव्हा कुठे दमट म्हणजे किती दमट ते समजलं. चादरी आणि अभ्रे आता ६० अंशांच्या पाण्यात धुते. तेवढ्या उष्णतेला माइट मरतात; गार पाण्याने ॲलर्जीची प्रथिनं बरीच धुऊन जातात, जीव मात्र उरतात. मुलीच्या नव्या गादीला सहाही बाजूंनी बंद होणारी, घट्ट विणीची, चेनची खोळ घातली. शिंका पूर्ण थांबल्या नाहीत, पण सात-आठच्या जागी एखाद-दोन आल्या.

आमच्या गादीला वरून घालायचं जलरोधक कव्हर घेतलं. ते निवडताना एक बघावं: साधं प्लास्टिक पाणी अडवतं आणि घामही अडवतं, मग कव्हराखाली चिकचिक. कापडाच्या पाठीला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा असलेलं कव्हर द्रव आत जाऊ देत नाही, पण थोडंफार बाष्प सोडतं.

डागांचं थोडक्यात सांगते. मुलीने रात्री अंथरूण ओलं केलं की मी धावत जाऊन घासायचे. घासलं की ते आत ढकललं जातं. आता जाड टॉवेल ठेवून पूर्ण वजनाने दाबते, टॉवेल बदलत राहते, ओल येईनाशी होईपर्यंत. मग एंझाइम असलेला क्लीनर, बाटलीवर लिहिलं असेल तेवढा वेळ तसाच ठेवून. लघवीतलं युरिक ॲसिड साध्या साबणाला दाद देत नाही, म्हणूनच दमट दिवशी जुना वास पुन्हा जागा होतो. पिवळ्या डागांवर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण ते रंग उडवतं; आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघावं. त्यात सोडा कालवलात तर लागेल तेवढंच कालवा. बाटलीत बंद करून ठेवलं तर वायूचा दाब वाढून ती फुटू शकते. रक्त असेल तर फक्त गार पाणी, गरम पाण्याने ते कायमचं बसतं. आणि क्लोरीनचं ब्लीच लघवीच्या डागावर किंवा व्हिनेगरबरोबर कधीही नाही. त्यातून विषारी वायू निघतो.

पलंगाचं काम सुताराने केलं. प्लाय काढून लाकडी पट्ट्या बसवल्या, मधल्या फटी ७ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे फोम त्यात खचत नाही. बॉक्स अर्धा रिकामा ठेवला आहे. सकाळी उठलं की चादर पायथ्याशी दुमडून ठेवायची, गादी तासभर उघडी, मग आवरायचं. नवऱ्याला हे लगेच जमलं, मला महिना लागला. अंथरूण विस्कटलेलं दिसलं की हात आपोआप जायचा. तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाला आणतो. आमची गादी एकाच बाजूने वापरायची आहे, म्हणून पालथी करत नाही, फक्त फिरवतो.

आई परवा पुन्हा आली. मी काही विचारलं नाही. तिनेच झोपायच्या आधी उशी बाजूला करून गादी दाबून हुंगली, मी मागे केली होती तशी, आणि दिवा मालवला.

एका कोपऱ्यात फिकट पिवळं कडं अजून आहे, माझ्या त्या सोडा-व्हिनेगरच्या दिवसाचं. ते जाणार नाही. आज सकाळपासून पाऊस आहे, मापकावर ६८ दिसतंय, म्हणून गादी भिंतीला टेकवून पंखा लावला आहे. मागे झालेल्या त्रिकोणी जागेत मुलीने बाहुल्यांचं घर मांडलंय आणि संध्याकाळपर्यंत गादी आडवी करायची नाही असं मला बजावलंय.